‘कोणी बनवलं’ हा रकाना

“शी! ‘नवीन’, ‘नवीन दोन’, ‘शेवटचं’, ‘खरंच शेवटचं’... नावं आहेत की थट्टा?” शेजारच्या खुर्चीतली भिंगरी पुटपुटली. दोन मुलांची आई झाली, तरी खुर्चीवर गरगरत काम करायची सवय गेली नाही, म्हणून भिंगरी.

 असली निम्मी नावं मीच ठेवलेली होती.

आमच्याकडे ऑर्डर, गोदाम आणि पगार यांची सॉफ्टवेअरं वेगळी. क्लाउडवरच्या एका प्लॅटफॉर्मवरून ती एकमेकांशी बोलतात. ते बोलणं घडवणारे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे कंपोनंट, आठशे बारा. प्रत्येकाचं कुळमूळ एक्सपोर्ट करून एका शीटमध्ये लावा, असं साहेबांचं फर्मान. नाव, फोल्डर, कोणी बनवलं, शेवटचा बदल कधी, सगळं.

तुंबलेलं गटार उपसावं तसं आम्ही दुपारपर्यंत उपसत होतो.

“ताई, यातले सहाशे चाळीस एकाच माणसाचे.”

“कोणाचे?” ठाऊक असून विचारलं.

“काकांचे.”

मला हे काम बोट धरून शिकवणारे काका. गेल्या वर्षी ‘काम दिसत नाही’ म्हणून त्यांना काढलं, आणि त्यांच्या जागी मी बसले. नऊ महिने ते अनुभवाचं पत्र मागताहेत, त्याशिवाय दुसरीकडे कोणी दारात उभं करीना. इथून उत्तर जातं, कामाची नोंद सापडत नाही. त्यांचा फोन आला की मीच गोड आवाजात सांगते, “साहेब मीटिंगमध्ये आहेत हं, काका.”

साहेब आले. व्हिजिटिंग कार्डाच्या कोपऱ्याने दात कोरत त्यांनी शीट पाहिली. कार्ड पँटला पुसून परत खिशात ठेवलं.

“झकास. तेवढा ‘कोणी बनवलं’चा रकाना उडवा. उद्या वरच्यांना दाखवायचंय, उगाच फाटे नकोत.”

भिंगरीने रकान्यावर माउस नेला. सगळी निळी पट्टी उजळली, वरपासून खालपर्यंत बहुतेक काकांचंच नाव. तिची खुर्ची थांबली.

“उडवू, ताई?”

ते कार्ड उद्या कोणाच्या तरी हातात जाणार होतं. तशीच पुसलेली ही शीटही. मी भिंगरीच्या हातातला माउस काढून घेतला.

“नको.”

“का हो बाई?” साहेब हसले.

“कारण काका काम करत नाहीत, असं गेल्या वर्षी मीच लिहून दिलं होतं. तुम्ही सांगितलंत, मला खुर्ची हवी होती. खोटं लिहिलं मी.”