माझ्याआधी घरी पोचलेली बातमी

डॉक्टरांनी काही सांगण्याआधीच मी माझ्या घरात भूत झाले. तपासणीचा निकाल यायचा होता, पण मी खोलीत पाऊल टाकलं की बोलणं थांबायचं. उसनी दिलेली शिडी परत द्या म्हणून रोज दार वाजवणारी शेजारीण अचानक म्हणाली, "राहू दे गं, घाई नाही." ती बाई असं बोलते म्हणजे माझं काही खरं नव्हतं. आई माझा जुना फोटो पुसत बसली होती; मला बघताच तिनं तो उलटा ठेवला.

मग डॉक्टरांनी सांगितलं. फार तर वर्ष. मला रडू आलं नाही, राग आला. माझं मरण माझ्याआधी शेजारणीला कळावं? मी तडक दवाखान्यात रिपोर्ट फुटल्याची तक्रार ठोकली.

चौकशीला बोलावलं तेव्हा ताई बाहेर बाकावर बसली होती. ती याच दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला. मांडीवर माझी लेक, चिमणी. चिमणीला बाप नाही. घरात आम्ही बायकाच, आणि पगार एकट्या ताईचा. चिमणीचे केस मागे घट्ट बांधले होते, ताई स्वतःचे बांधते तसे.

"कुणी बांधले गं?"

"मावशीनं. आणि आई, मी आता मावशीजवळ झोपणार. सवय करायचीय."

"कसली सवय?"

चिमणीनं मावशीकडे पाहिलं. ताई फरशीकडे बघत होती.

आत साहेबांनी संगणक माझ्याकडे वळवला. "कुणी कुणाचे रिपोर्ट उघडले, ते इथं सगळं उमटतं. तुमचे तुमच्या बहिणीनं उघडलेत."

ताईच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक, तरी तिचं नाव मनात आलं नव्हतं.

"तुम्हीच तिला बघायला सांगितलं होतं का? तसं असेल तर समज देऊन सोडू. नसेल, तर नोकरी जाईल, दंड होईल, आणि पुन्हा कुठल्या दवाखान्यात तिला कुणी उभं करणार नाही."

तिला हे भोगायला लागावं, असं मला मनापासून वाटलं. माझे शेवटचे साधे दिवस चोरले होते तिनं. पण दाराच्या काचेतून चिमणीचं ते घट्ट बांधलेलं डोकं दिसत होतं. वर्षानंतर तिला पोसणार कोण?

"मीच सांगितलं होतं," मी म्हणाले.

"मग तक्रार कशाला केलीत?"

"विसरले होते."

साहेबांना पटलं नव्हतं. तरी त्यांनी लिहून घेतलं.

बाहेर आले तशी ताई उठली. ओठ कोरडे पडलेले. "काय बोललीस गं आत?"

"ते कुणाला सांगायचं नसतं, ताई."

ती रडायला लागली. मी चिमणीपुढे हात केला, चल घरी म्हणून. ती बाकावरून उतरली आणि सवयीनं मावशीचं बोट धरून चालू लागली.