वरच्या तुकड्याचा कोपरा

“उघड्या आकाशाखाली अडीच मीटरपर्यंत अचूक, असं लिहिलंय. म्हणजे आकाश किती उघडं?” विनीतने विचारलं.

काउंटरपलीकडच्या प्रीतमने हातातली डबी खाली ठेवली. ठाणे स्टेशनजवळच्या त्याच्या दुकानात ट्रेकिंगचं आणि मोजणीचं सामान मिळायचं. नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं त्याने पाहिली होती, पण आकाशाची चौकशी करणारं हे पहिलंच.

“सर, उघडं म्हणजे उघडं. वर झाड नको, बाजूला बिल्डिंग नको. बस.”

“आणि ढग असले तर?”

“ढगांनी काय फरक नाय पडत.”

“हे कंपनी लिहून देईल का?”

समोर तीन जीपीएस रिसीव्हर मांडले होते, काडेपेटीएवढे. आकाशातल्या उपग्रहांवरून आपली जागा हुडकायची आणि ब्लूटूथने हातातल्या टॅबला कळवायची, एवढंच त्यांचं काम. एकाची बॅटरी दिवसभर टिकायची, पण पाण्याशी त्याचं वाकडं. दुसरा पाण्यात पडला तरी चालणारा, पण टॅबशी त्याचं जमेल की नाही याची खात्री प्रीतम देईना. तिसरा सगळ्यांत अचूक, आणि तो नुसता बघायला होता. विकायचा माल अजून यायचा होता.

“नेमका कशासाठी हवाय ते सांगा ना,” प्रीतम म्हणाला. “मग मी सांगतो कुठला घ्यायचा ते.”

“प्रवासासाठी,” विनीत एवढंच म्हणाला.

यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण विनीतची सगळी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीच्या पर्चेसमध्ये गेली होती आणि तिथला पहिला धडा असा की, विकणाऱ्याला आपली गरज कळू द्यायची नाही. कळली की तो डोक्यावर बसतो. दुसरा धडा, तीन कोटेशनं घेतल्याशिवाय टाचणीसुद्धा घ्यायची नाही. या दोन धड्यांवर त्याने नाव कमावलं होतं. घरीही तोच खाक्या. फ्रिज घ्यायचा ठरला तेव्हा कुठला चांगला याचा कीस पाडता पाडता अख्खा उन्हाळा माठावर निघाला आणि दिवाळीत आलेल्या त्या फ्रिजचं कौतुक तो अजून पाहुण्यांना ऐकवायचा. त्याची बायको संचिता तेव्हा बाजूला बसून हसायची. या वेळी मात्र तिला हसू येत नव्हतं, कारण या वेळी वाट बघत होती ती विनीतची आई.

आईचं, मीराबाईंचं सासर मुरबाडच्या पुढची एक वाडी. धरण झालं, वाडी पाण्याखाली गेली, माणसं पांगली. विनीतचे वडील चांगदेव मोहन्याला रेयॉनच्या कारखान्यात लागले आणि विनीतचा जन्म तिथलाच. पण त्याच्या आधी, वाडीत असताना, त्यांना एक मुलगी झाली होती. आठ महिन्यांची होऊन ती तापाने गेली. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. चांगदेव तिला उचलून शेताकडे घेऊन गेले आणि मोकळ्या हातांनी परत आले. बायकांनी तिकडे जायची रीत नव्हती, म्हणून मीराबाई गेल्या नाहीत. पुढे लवकरच धरणाचं पाणी आलं. चांगदेव असेपर्यंत घरात हा विषय निघाला नाही. चुकून निघालाच तर ते भरल्या ताटावरून उठायचे. शेवटच्या दुखण्यात मात्र त्यांनी विनीतला जवळ बोलावून सांगितलं, “वरच्या तुकड्याचा कोपरा. उगवतीकडचा.” ते गेल्यावर मीराबाईंनी विनीतकडे एकच गोष्ट मागितली, मला तिथे एकदा घेऊन चल.

वरचा तुकडा म्हणजे त्यांच्या जमिनीतला उंचावरचा भाग. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तो थोडे दिवस उघडा पडतो, असं तिकडून येणारी माणसं सांगत. पण तिथे ना बांध उरला होता ना झाड, नुसता भेगाळलेला गाळ. म्हणून विनीतच्या लेकीने, सान्वीने, जमिनीचा जुना नकाशा मिळवला आणि आपल्या टॅबमधल्या उपग्रहाच्या चित्रावर तो बसवला. टॅब कॉलेजसाठी घेतलेला, सिमशिवायचा. नकाशा तो छान दाखवायचा, पण आपण कुठे उभे आहोत हे त्याला कळायचं नाही. त्यासाठी हा रिसीव्हर.

विनीत डोंबिवलीला घरी पोचला तेव्हा मीराबाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या.

“मिलालं का यंत्र?”

“बघून आलो. तीन आहेत. पुढच्या शनिवारी ठरवू.”

“तिनातला कुठला पन आन की रे. आपल्याला काय त्याचं लगीन लावायचंय?”

“आई, चुकीचा आणला तर चुकीच्या जागी जाऊन उभे राहू. भलत्याच कोणाच्या तरी शेतात.”

“राहू की. पानी सगल्यांच्याच शेतात भरलंय.” मीराबाईंनी गुडघ्यावर हात दाबत त्याच्याकडे पाहिलं. “मला काय तिला उकरून काढायचीय? जवलपास गेलं तरी पुरे. पोर हितं कुठंतरी हाय, एवढं कललं की बास.”

“जवळपास नाही. बरोब्बर त्याच जागेवर नेतो तुला. एकदाच जायचंय ना, मग नीट जाऊ.”

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट, उभ्या जन्मात आईने त्याच्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती आणि ती अंदाजपंचे उरकायची त्याला लाज वाटत होती.

सान्वीला हे पटेना. “बाबा, माझ्या फोनमध्ये जीपीएस आहे. नकाशा फोनमध्ये टाकते, रविवारी जाऊ. कशाला एवढा ड्रामा?”

“चल खाली. बघू तुझा फोन.”

सोसायटीच्या फाटकात उभं राहून दोघांनी फोन बघितला. निळा ठिपका थोडा घुटमळला आणि शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाऊन बसला.

“बघितलंस? आपण जोशांच्या स्कूटरवर उभे आहोत. आजीला असं नेऊन उभं करायचं का?”

“अरे बाबा, इथे चारी बाजूंनी बिल्डिंगा आहेत! तिकडे काय आहे? नुसतं मैदान!”

पण विनीतचं आपलं एकच. माल आपल्या दारात तपासायचा, पास झाला तरच घ्यायचा. दारात नापास झालेली वस्तू पुढे नीट चालेल यावर त्याचा कधीच विश्वास बसला नव्हता. पुढच्या शनिवारी त्याने पहिला रिसीव्हर परत द्यायच्या बोलीवर घरी आणला. फाटकात धरला, तर ठिपका जिन्याखाली घसरला. नापास. दुसरा टॅबशी जोडता जोडता दोन संध्याकाळी गेल्या, तोही परत गेला. एका हातात टॅब आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यावर ती डबी घेऊन फाटकात पुढेमागे करणाऱ्या विनीतला पहिल्या मजल्यावरच्या जयाताई गॅलरीतून विचारायच्या, “काय हो, आज तरी उपग्रह खाली उतरला का?” तोही हसून हात हलवायचा.

मीराबाई दर शनिवारी विचारायच्या. मे महिना अर्धा सरला आणि त्यांनी विचारणं सोडलं. विनीतला वाटलं, आई समजुतीने घेतेय.

“अहो, या रविवारी तसंच जाऊ या ना,” संचिता एकदा म्हणाली. “आईंना गाडीत बसवायचं, तिथे फिरवून आणायचं. त्या ‘हितं’ म्हणतील ती जागा.”

“अगं, ती कधी तिथे गेलीच नाही. तिला काय कळणार?”

“त्यांना कळायला नकोय. त्यांना जायचंय.”

विनीतला हे ऐकू आलं नाही असं नाही. पण तिसरा रिसीव्हर चारपाच दिवसांत येतोय असा प्रीतमचा फोन त्याच दिवशी आला होता. चारपाच दिवसांचे दहा झाले. आला तो मात्र पहिल्याच फटक्यात फाटकात पास झाला. ठिपका फाटकात म्हणजे फाटकातच. विनीतने जयाताईंना वर हाक मारून दाखवला. रविवारी निघायचं ठरलं, मीराबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसायला काढलं, आणि शनिवारी धरणाकाठच्या भिवाचा फोन आला. भिवा तिकडचा जीपवाला. तोच त्यांना पाण्यापर्यंत नेणार होता.

“साहेब, येऊ नका. वर डोंगरात पाऊस झाला. पानी चढाय लागलंय, गालात गुडघ्यापत्तर पाय जातोय. म्हातारीला कुठं आनताय?”

विनीत फोन ठेवून आईकडे वळला. काय झालं ते त्यांनी त्याच्या तोंडावरून ओळखलं होतं.

“असू दे रे,” लुगड्याची घडी घालत त्या म्हणाल्या. “एवढी वरसं गेली, अजून एक उन्हाला. तू नको वाईट वाटून घेऊस. यंत्र चांगलं मिलालं ना?”

तो हो म्हणाला.

मीराबाई त्या थंडीत गेल्या. खोकल्याचं निमित्त झालं, छातीत कफ साठला, कल्याणच्या हॉस्पिटलात चारसहा दिवस काढले. तिथे त्यांनी सुनेकडे पेज मागितली, सान्वीच्या परीक्षेची चौकशी केली. वाडीचं किंवा पोरीचं नाव काढलं नाही. त्यांनी एकदा जरी काढलं असतं, दोष दिला असता, तरी विनीतला सोपं गेलं असतं. तेराव्यानंतर तो कामाला लागला खरा, पण कोटेशनं चाळताना मध्येच थांबायचा आणि हाताखालच्या लोकांना वाटायचं साहेबांना काहीतरी खटकलंय.

मार्चमध्ये रिसीव्हरची चार्जिंगची केबल बिघडली म्हणून तो ठाण्याला गेला. प्रीतमने त्याला लगेच ओळखलं.

“काय सर, झाला का प्रवास?”

आणि विनीतने, काय वाटलं कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. धरण, वरचा तुकडा, जुना नकाशा, आई. नोकरीच्या इतक्या वर्षांत दुकानदाराला आपली गरज त्याने पहिल्यांदाच सांगितली.

प्रीतम केबल हातात धरून ऐकत राहिला. मग जरा चाचरत म्हणाला, “सर, रागावू नका. जुना नकाशा असा चित्रावर बसवला ना, की तोच पंधरावीस मीटर इकडेतिकडे असतो. मोजणीवाले येतात ना आमच्याकडे, ते रोज रडतात. नकाशाच सरकलेला असला तर रिसीव्हर कितीपण भारी घ्या, काय फायदा? मुलीच्या मोबाईलवर पण तेवढंच कळलं असतं. उघड्यावर मोबाईल मस्त चालतो.”

“मग तुम्ही बोलला नाहीत?”

“तुम्ही प्रवासाला म्हणालात. मला वाटलं लडाखला चाललात.”

विनीतने केबल घेतली आणि बाहेर येऊन फुटपाथवर उभा राहिला. सान्वी म्हणाली होती रविवारी जाऊ. संचिता म्हणाली होती. आई तर पहिल्याच दिवशी म्हणाली होती. तेव्हा एप्रिल होता, पाणी उतरत होतं आणि आईला चालता येत होतं. घरातल्या तीन बायकांनी एकच गोष्ट सांगितली आणि आपण दुकानातल्या तीन डब्या चिवडत बसलो. त्याला स्वतःची इतकी चीड आली की येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के लागत होते तरी तो बाजूला झाला नाही.

मे महिन्यात ते तिघं गेले. भिवाने जीप पाण्याच्या बरीच अलीकडे थांबवली आणि तो सावली शोधून बसला. पुढे वाळलेल्या गाळाचं मोकळं रान होतं, ऊन मी म्हणत होतं. सान्वी टॅब घेऊन पुढे, मागे संचिता, शेवटी विनीत. सान्वी मध्येच थांबायची, जरा डावीकडे सरकायची, पुन्हा चालायची.

“आलं बाबा,” ती म्हणाली. “म्हणजे, इथे कुठेतरी.”

तिघं थांबले. ओळखायला काहीच नव्हतं. लांबवर पाणी होतं आणि पाण्याच्या कडेला कोणाच्या तरी म्हशी. संचिताने पिशवीतून मोगऱ्याची फुलं काढली, खाली बसली आणि गाळावर ठेवली.

“आत्याचं नाव काय होतं?” सान्वीने विचारलं.

बॅटरी किती टिकते, पाण्यात चालतो का, ढग आले तर काय, कंपनी लिहून देते का, हे सगळं विनीतने मागच्या उन्हाळ्यात विचारलं होतं.

“आई नुसती पोर म्हणायची,” तो म्हणाला.

“पण बारसं झालं असेल ना?”

“आठ महिन्यांची होती, म्हणजे झालंच असणार गं,” संचिता हळूच म्हणाली.

झालंच असणार. कोणीतरी पाळण्यात वाकून ते नाव तिच्या कानात सांगितलं असणार. ते माहीत असलेलं माणूस आता कुठे उरलं नव्हतं.

“मग काय म्हणायचं तिला? काहीतरी हाक मारायला हवी ना, बाबा.”

विनीत उकिडवा बसला. त्याचे गुडघे कुरकुरले. डोक्यावरचे केस पांढरे झाले होते, पुढल्या काही वर्षांत तो रिटायर होणार होता. आणि ती आठ महिन्यांची. पण काही झालं तरी ती त्याच्याआधीची होती.

“ताई,” तो म्हणाला. हा शब्द त्याने सख्ख्या कोणासाठी कधी वापरलाच नव्हता, त्यामुळे तो नीट उमटला नाही. त्याने गाळावर हात टेकला आणि पुन्हा म्हणाला, “ताई, मी विनीत. तुझ्या पाठचा. आईला आणायला उशीर केला गं मी.”