दारातला आवाज

माझी सासू ठमाबाई हल्ली संध्याकाळ झाली की किनाऱ्याकडे निघते. सासऱ्यांची बोट यायची तेव्हाची ती सवय. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण तिच्या डोक्यातून तेवढंच पुसलं गेलंय. एकदा भरतीच्या पाण्यात कमरेपर्यंत शिरली होती. तेव्हापासून मिरकरवाड्याला मासे विकायला जाताना मी घराला बाहेरून कुलूप घालायची. ती आतून दार बडवायची.

"गुरासारखं कोंडतंस गो मनिषा तिला," शेजारच्या गोदाकाकू म्हणायच्या.

मग नणंद नेत्रा मुंबईहून दारावर लावायची एक डबी घेऊन आली. दार उघडलं की ती घरच्या माणसाच्या आवाजात बोलते, आणि इकडे माझा फोन वाजतो. मी कुलूप काढलं आणि नेत्राने हौसेने स्वतःचा आवाज भरला, "आई, कुठे चाललीस? आत जाऊन बस."

नणंदेला शिकवायचं कोणी? आमच्यात निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारत नाहीत. विचारलंच, तर तो मागे फिरतो, टेकतो, घोटभर पाणी पितो आणि मगच निघतो. विसरण्याचा आजार आईला, आणि रीत विसरली लेक!

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या गलक्यात फोन ऐकूच आला नाही. घरी आले तर पाण्याचा तांब्या रिकामा आणि सासू दाराशी उभी. दार उघडायचं, डबीने विचारायचं, हिने आत येऊन पाणी प्यायचं, पुन्हा निघायचं. किती वेळ चाललं होतं, देव जाणे.

"कोन मेली सारखी कुठं इचारते?" ती रडत म्हणाली. "बोट भायेर हाय, आनि ही अपशकुन करते!"

नेत्राला फोन केला, तर म्हणे, "पण आत राहिली ना?" राहिली होती. डबीचं काम फत्ते झालं होतं. मला मात्र त्यापेक्षा कुलूप बरं वाटलं.

त्या रात्री नेत्राचा आवाज पुसून मी माझा भरला. बोटीला उशीर झाला की आमच्या वाडीतल्या बायका एकेकट्या किनाऱ्यावर जात नाहीत. एकीने हाक दिली की दुसरी थांबते. तेवढंच बोलले, "आई, थांबा. मी पन येतंय."

दुसऱ्या संध्याकाळी फोन वाजला. टोपली शेजारणीच्या हवाली करून पळत सुटले. सासू पायरीवर शांत बसली होती. दोघी किनाऱ्यावर गेलो, पाणी बघितलं, परत आलो. ती पोटभर जेवली.

तेव्हापासून रोज असंच. गिऱ्हाईक समोर असलं तरी उठते. कटकट होते, चिडतेही. पण येते म्हटलं की यायचं; तिच्या लक्षात राहो न राहो.

काल धापा टाकत पोचले, तर तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बस गो बाय. लांबून आलीस काय?"

"चला आई, किनाऱ्यावर जाऊया."

"वाईच थांब," ती सरकून मला जागा देत म्हणाली. "आमची मनिषा येतंय म्हटलान. तिला टाकून कशी जाऊ?"

मला रडू आवरेना. पदराने तोंड पुसलं आणि तिच्या शेजारी पायरीवर बसून मीही मनिषाची वाट बघू लागले.