गोल बाजाराचं छप्पर

लेकीने सहलीला नेमकं हेच शहर निवडलं, तेव्हाच इंजिनिअरसाहेबांनी नको म्हणायला हवं होतं. गुडघे दुखतात म्हणाले असते तरी भागलं असतं. पण तिने तिकिटं काढली होती, कशीबशी सुट्टी मिळवली होती आणि वर म्हणाली होती, "बाबा, आयुष्यभर इमारती तपासल्यात. आता एकदा नुसत्या बघा." यावर काय बोलणार? ते हसले आणि बॅग भरायला लागले. एकतीस वर्षांपूर्वी आपण या शहरात एक दिवस येऊन गेलोय, हे मात्र त्यांनी पोटातच ठेवलं.

सकाळी साडेसातला पंधरा-वीस पाहुण्यांची पायी फेरी निघाली. पुढे गाइडबाई. पंचेचाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, आवाज असा खणखणीत की सगळ्यात मागच्या माणसालाही कान द्यावे लागू नयेत. नदीकाठची जुनी गोदामं त्यांनी दाखवली, त्यांचे लाकडी सज्जे दाखवले, कुठल्या सज्ज्यावर सुताराने स्वतःच्या सासूचं नाक कोरलंय तेही दाखवलं. लोक खूश होते. मग सात कमानींचा दगडी पूल आला. साहेबांनी सवयीने कठड्यावर बोटांनी टकटक केली.

"झालं! बाबांनी पुलाची नाडी बघितली," लेक म्हणाली. "वाचेल ना हो, डॉक्टर?"

सगळे हसले. गाइडबाईंनी वळून पाहिलं. "इंजिनिअर का तुम्ही?"

"होतो. आता घरी बसलोय."

"तुमच्या मंडळींवर माझा जरा राग आहे बरं का. का ते कळेल पुढे."

लोक पुन्हा हसले. साहेबांनी मात्र कठड्यावरचा हात काढून घेतला. पुलाच्या पलीकडे काय होतं, ते त्यांना पक्कं आठवत होतं. आता तिथे ते नव्हतं. एक गोल बाग होती. मधोमध कारंजं, भोवती बाकडी, कडेने फुलझाडं. मुलं सायकली फिरवत होती. कुणालाही आवडावी अशीच बाग.

"बाग छान आहे ना?" गाइडबाई म्हणाल्या. "मला नाही आवडत. इथे गोल बाजार होता. चाळीस दुकानं आणि वर एकच एक लाकडी छप्पर, मध्ये खांब नाही. दीडशे वर्षं उभं होतं. माझे वडील इथले रखवालदार. चाळीस दुकानांच्या किल्ल्या कमरेला, म्हणून सगळं गाव त्यांना किल्लीकाका म्हणायचं. एकदा छताच्या गिलाव्याला फट दिसली. त्यांनी नगरपालिकेला कळवलं की तपासून घ्या, दुरुस्ती करा. तपासायला बाहेरून इंजिनिअर आला. दोन तास राहिला आणि लिहून गेला, तुळया कुजल्यात, इमारत धोकादायक आहे. सहा महिन्यांत पाडायला घेतली."

त्यांनी कारंज्याकडे बोट केलं.

"आणि छप्पर काही पडेना. करवतींचे दात मोडले. लाकूड आतून लोखंडासारखं होतं. फट नुसती गिलाव्याची होती. मग लोक म्हणायला लागले, तक्रार कुणी केली? किल्लीकाकाने. त्यालाच ही जागा मोकळी करून हवी असणार. दुकानदारांनी बोलणं टाकलं. बाबांनी त्या इंजिनिअरला पत्र लिहिलं, एकदा येऊन लाकूड बघा आणि खरं काय ते लोकांना सांगा. उत्तर नाही आलं. पुढे अकरा वर्षं जगले, पण या बाजूला पाय ठेवला नाही त्यांनी. चला, आता टेकडीकडे."

घोळका हलला. साहेब जागचे हलले नाहीत. ते पत्र त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं. रेघांच्या कागदावर ठळक, गोल अक्षर, एकही खाडाखोड नाही. त्यांनी ते दोनदा वाचलं होतं आणि फायलीत सगळ्यात तळाशी सरकवून दिलं होतं. नंतर बदली झाली. फाईल तिथेच राहिली, आणि पत्र तेवढं मनात बरोबर आलं.

"बाबा, चक्कर येतेय का?" लेकीने दंड धरला.

"त्या बाईंना थांबव," ते म्हणाले. "मला बोलायचंय."

गाइडबाई परत आल्या. साहेबांना सुरुवात कुठून करावी कळेना, म्हणून त्यांनी शेवटापासूनच केली. "तुमच्या वडिलांचं पत्र मला मिळालं होतं."

गाइडबाईंना आधी उमगलंच नाही. मग त्यांचा चेहरा असा झाला, की साहेबांना तिकडे बघवेना.

"तुम्ही?"

"मी. आणि मी वर चढलो नव्हतो. खालूनच पाहिलं, फट दिसली, आणि लिहून मोकळा झालो."

"असं कसं होईल?" लेक घाईने म्हणाली. "बाबा, तुम्हाला बरं नसेल. ताप असेल. घरी काही अडचण असेल."

लेक हातात आयती सबब देत होती. ती घ्यायचा मोह साहेबांना झाला, नाही असं नाही. पण आज तेही जमेना.

"बरा होतो मी. घरीही सगळं ठीक होतं. शिडीभर कबुतरांची घाण होती. माझी पँट नवी होती. संध्याकाळी एका मित्राकडे जेवायला जायचं होतं."

एक सायकल घंटी वाजवत त्यांना वळसा घालून गेली.

"पँट," गाइडबाई म्हणाल्या. त्यांनी तो शब्द नुसता उच्चारून पाहिला.

"मला माफ करा म्हणायलाही तोंड नाही."

"मग नका म्हणू. मला ऐकायचंही नाही." त्यांचा खणखणीत आवाज आता जेमतेम ऐकू येत होता. "लिहून द्या. सहीनिशी. आणि उद्या याच वेळी इथे उभं राहून लोकांना सांगा. माझे बाबा खोटे नव्हते, हे कुणीतरी दुसऱ्याने सांगायला पाहिजे. मी त्यांची मुलगी. माझं कोण खरं मानणार?"

परतीचं तिकीट रद्द झालं. दुपारभर साहेब लॉजच्या खोलीत कागद घेऊन बसले. लेक खिडकीशी उभी होती. तिथूनच ती म्हणाली, "चूक होते, बाबा. मी समजू शकते. पण पत्राला उत्तर तरी द्यायचं होतंत."

"भीती वाटली."

"कसली?"

"उत्तर दिलं असतं तर मान्य करावं लागलं असतं."

ती पाण्याचा ग्लास त्यांच्यासमोर ठेवून बाहेर निघून गेली. आजवर तिने ग्लास नेहमी हातात दिला होता.

दुसऱ्या दिवशी बागेत गाइडबाईंनी कागद उभ्या उभ्या वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "इथे नजरचूक लिहिलंय. नजर वर गेलीच नाही, तर चुकेल कशी?"

साहेबांनी तो शब्द खोडला. वर लिहिलं, 'मी तपासणी केलीच नाही.' पुढे सही केली.

मग ते पाहुण्यांसमोर उभे राहिले आणि सांगितलं. पँटेसकट सगळं सांगितलं. पाहुण्यांमागे तीन-चार म्हातारे येऊन थांबले होते. गाइडबाईंनी बोलावलेले जुने दुकानदार असावेत. त्यांच्यातल्या एकाने ऐकता ऐकता टोपी काढली आणि मान खाली घातली.

"मग तुम्हाला शिक्षा काय झाली?" घोळक्यातल्या एका बाईंनी विचारलं.

"काही नाही," साहेब म्हणाले. "त्या वर्षी बढती मिळाली."

गाइडबाईंनी कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली, डोळे पुसले आणि टेकडीकडे हात केला. "चला मंडळी. पायऱ्या दोनशे आहेत, सावकाश चढा."

"मी येऊ का?" साहेबांनी विचारलं.

"रस्ता सगळ्यांचा आहे," त्या म्हणाल्या, आणि मागे न बघता चालू लागल्या.

साहेब सगळ्यात मागून निघाले. लेक बरीच पुढे गेली होती. पहिल्या वळणावर ती थांबली. वळून काही तिने पाहिलं नाही, पण ते येईपर्यंत तशीच उभी राहिली.