कडूबाचा तक्ता

मॅट्रिकच्या वर्षी मी अन् कडूबा नांदुऱ्यात एकाच खोलीत राहत होतो. त्याले गणित असं येई, की पाहूनच माह्या पोटात दुखे.

परीक्षेले दोन महिने राह्यले तेव्हा त्यानं आठवड्याच्या उजळणीचा तक्ता भिंतीले लावला. सोमवार ते शुक्रवार इंग्रजी, शनिवारी इतिहास, गणित फक्त रविवारी एक तास. तो विहिरीवर आंघोळीले गेला अन् मी सारा तक्ता उतरवून घेतला. म्हटलं, लेकाच्या हुशारीची किल्ली सापडली!

मंग त्यानं व्याकरण काढलं की मीही काढो. एक दिवस तो म्हणे, "अर्जुना, तू काऊन इंग्रजी घोकून राह्यला बे? तुले तं ते येते. कच्चा मी आहो. तू गणित कर."

मी मनात म्हटलं, वा रे वा! मले मागं पाडाले पाहून राह्यला. त्या रविवारी मी गणिताचा तासही इंग्रजीले देऊन टाकला.

नागपूरहून निकाल आला. कडूबा पास झाला, मी गणितात गेलो. पण इंग्रजीत मले त्याच्यापेक्षा अकरा मार्क जास्त होते. विचारा त्याले.