सतरा इंच

खांद्याचं हाड पक्कं जुळलं असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच दिवशी आत्या दवाखान्यातून थेट टायरच्या दुकानात गेल्या. सोबत भाची होती. तिला वाटलं होतं, आता तरी या गाडी विकायचं मनावर घेतील.

आत्या तिच्या वडिलांच्या मोठ्या बहीण. पण शर्यतीच्या ट्रॅकवर जमणारे झाडून सगळे त्यांना आत्याच म्हणत. वय बासष्ट. तीस वर्षं त्या वजनमापे खात्यात निरीक्षक होत्या. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, खोटी मापं जप्त करायची आणि शिव्या खाऊन घरी यायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी, दोन सीटांची स्पोर्ट्‌स कार घेतली आणि महिन्यातून एकदा ट्रॅकवर पळवू लागल्या. सहा महिन्यांपूर्वी तिसऱ्या वळणावर पुढचं चाक कडेच्या सिमेंटच्या उंचवट्यावर, कर्बवर, आपटलं, रिम तडकली, टायरमधली हवा गेली आणि गाडी टायरांच्या भिंतीत घुसली.

ती रिम याच दुकानातली होती. दुकानदार ट्रॅकच्या क्लबचा सचिवही होता.

"या आत्या, या! तुमच्यासाठीच ठेवलीत." त्याने भिंतीवरचं काळं, चकचकीत चाक काढलं. "एकोणीस इंची. गाडीचा रुबाब बघा काय वाढेल."

"मागच्या वेळी हेच दिलं होतंत."

"मागच्या वेळी वळण चुकलं तुमचं."

"चुकलं ना. अर्धी चूक माझी. उरलेली अर्धी तुमच्या रिमची." आत्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "वजनकाटा आहे?"

तो हसला. "आम्ही चाकं किलोवर नाही विकत, आत्या."

पण पार्सलं तोलायचा काटा कोपऱ्यात होता. आत्यांनी तो आधी शून्यावर आहे की नाही ते वाकून पाहिलं, मग भाचीला चाक ठेवायला लावलं. साडेतेरा किलो.

"एवढं ओझं चारही कोपऱ्यांत बांधून मी वळू कशी? आणि टायर तर असा पातळ, की कर्बचा मार सरळ रिमला. मला सतरा इंची दाखवा. हलकं, आणि वर जाड कडेचा टायर."

"सतरा?" सचिवाने कपाळावर हात मारला. "हत्तीला मांजराचे पाय लावल्यासारखं दिसेल! असं करा, एकदा भावाला घेऊन या. बसून ठरवू."

"माझा भाऊ सायकलसुद्धा उतरून वळवतो," आत्या म्हणाल्या आणि दुकानाबाहेर पडल्या.

घरी भावाने तोंडाचा पट्टा सोडला. वय काय, हाड काय, लोक काय म्हणतील. आत्या जेवणाच्या टेबलावर पुठ्ठा कापत बसल्या होत्या. चाक लहान घ्यायचं तर ब्रेक आतून घासता कामा नये, म्हणून चाकाच्या आतल्या भागाचा तो साचा होता. अंगणात गाडी जॅकवर उचलून, चाक काढून त्यांनी तो ब्रेकवर धरून पाहिला. चार मिलिमीटर मोकळे राहत होते.

"चार मिलिमीटर म्हणजे काहीच नाही!" भाऊ वरून ओरडला.

"याहून कमीसाठी मी दुकानं बंद केलीत!" आत्या खालून ओरडल्या.

चाकं त्यांनी परगावच्या एका छोट्या कारखान्यातून मागवली. ठोकून घडवलेली, प्रत्येकी आठ किलोची. टायर निवडायला मात्र तीन आठवडे लागले. भाचीने विचारलं, शर्यतीतले गुळगुळीत टायरच का नाही घ्यायचे?

"ते तापल्याशिवाय पकड घेत नाहीत, आणि सुटले की एकदम सुटतात. मला सांगून सुटणारा टायर हवाय. आधी कुरकुरेल, मग सरकेल. तेवढ्यात मी काय ते करीन."

ट्रॅकच्या दिवशी सकाळी तपासणीच्या रांगेत सचिव आडवा आला. "ही चाकं चालणार नाहीत. कंपनीने अठरा इंची दिलीत."

"एकोणीस कशी चालली होती मग? नियम दाखवा."

त्याने हातातलं नियमांचं पुस्तक चाळलं. पुन्हा चाळलं. "सुरक्षेचा प्रश्न आहे. निर्णय माझा."

"मग लिहून द्या. साडेतेरा किलोचं, तडकणारं चाक सुरक्षित आणि हे धोकादायक. खाली सही करा. मी सांभाळून ठेवीन."

म्हातारा तपासनीस एव्हाना गाडीखाली शिरला होता. त्याने चाकं हलवली, फिरवली, टॉर्च मारला. "काही हलत नाही, काही घासत नाही," म्हणाला आणि काचेवर हिरवा कागद चिकटवला.

पहिल्या दोन फेऱ्यांत आत्यांचा पाय तिसऱ्या वळणाआधी आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठला. तिसऱ्या फेरीत त्यांनी दात आवळले आणि ज्या कर्बने हाड मोडलं होतं, त्याच्यावर मुद्दाम चाक घातलं. धप्प झालं. टायरने धक्का पोटात घेतला, थोडी कुरकूर केली आणि गाडी वळणातून बाहेर आली. हेल्मेटच्या आत आत्या मोठ्याने काय बोलल्या, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

त्यांची वेळ स्वतःच्या जुन्या वेळेपेक्षा दीड सेकंदाने कमी आली. नऊ गाड्यांत त्या सातव्या.

"एवढा खटाटोप करून सातव्या?" सचिव म्हणाला.

"हो, सातवी. दुपारी परत येतेय."

येणार नाही, येणार नाही म्हणणारा भाऊ जाळीपाशी उभा होता. चेहरा पांढराफटक. "झालं ना समाधान? चल घरी."

आत्यांनी त्याच्या हातात हवा मोजायचं मीटर ठेवलं. "तापल्यावर हवा वाढते. मागच्या डाव्यात किती आहे बघ."

त्याने मीटर उलटसुलट करून पाहिलं. मग पँट वर ओढून खाली बसला. "छत्तीस."

"तीन कमी कर."

त्याने पाच कमी केली. आत्यांनी त्याला चारचौघांत झापलं आणि पुन्हा भरायला लावली.

दुपारीही त्या सातव्याच आल्या. गाडी बंद करून हेल्मेट काखेत मारून त्या सरळ क्लबच्या टेबलाशी गेल्या, सचिवाच्या खिशातलं पेन काढलं आणि पुढच्या महिन्याच्या यादीत सगळ्यात वर स्वतःचं नाव लिहिलं.