पक्का पास

मी बीपीचं मशीन बोलतोय. दंडाला बांधायचा पट्टा, एक रबरी नळी आणि आकडे दाखवणारा चेहरा, एवढाच माझा संसार. खोटं बोलायची सोयच माझ्यात नाही. तरीही या घरात मला खोटारडं म्हटलं गेलं. तो अपमान मी गिळलेला नाही.

चंदीगड विमानतळाजवळच्या एरोसिटी वसाहतीत निवृत्त विंग कमांडर विलास रणदिवे राहतात. नोकरीची बरीच वर्षं चंदीगडहून लेहला मालवाहू विमानं नेण्यात गेली. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या मुलीने, आश्लेषाने, मला सेक्टर बावीसच्या दुकानातून आणलं. "पापा, रोज चेक करना, प्रॉमिस!" तिने बजावलं. मराठी तिला सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत.

पण विलासरावांचा माझ्या जातीवर जुना राग. वैमानिकाचं बीपी वाढलेलं निघालं की त्याचं उडणं थांबतं. म्हणून वार्षिक तपासणीच्या आधी ते मीठ सोडायचे, गाडीत डोळे मिटून पडायचे, लांब श्वास घ्यायचे आणि पास होऊन यायचे. विमान सुटलं, ही खोड सुटली नाही. मी एकशे बहात्तर दाखवले की पट्टा सोडून आडवे व्हायचे, मग पुन्हा बांधायचे. पुन्हा आणि पुन्हा. कधीतरी मी खाली यायचो, की लगेच स्वयंपाकघराकडे हाक, "चित्रा, एकशे अडतीस! पक्का पास!"

चित्राताई कणीक मळता मळता "वा!" म्हणायच्या. आधीचे आकडे नवऱ्याने त्यांना कधी सांगितलेच नाहीत.

एक दिवस मी खाली आलोच नाही. कितीही लोळले, कितीही श्वास घेतले, मी हटलो नाही. "खोटारडं आहे लेकाचं!" म्हणत त्यांनी माझे सेल काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले आणि मला टीव्हीखालच्या खणात कोंबलं. माझ्या जिवावर हे गृहस्थ क्रिकेट बघणार! तिथेच मी ठरवलं, याचं उट्टं काढायचं.

मला काही करावं लागलं नाही. ज्या दाबाला त्यांनी खोटं ठरवलं, तोच त्यांच्या डोक्यात शांतपणे काम करत होता. काही वर्षांत खणातून मला ऐकू यायला लागलं. दोन माणसं एकदम बोलली की ते गोंधळायचे. चहा करायला उठायचे, दूध तापवायचे आणि पुढे काय करायचं ते न सुचून उभे राहायचे. पाय घासत चालायचे. लेहच्या जुन्या गोष्टी मात्र घडाघडा सांगायचे, म्हणून चित्राताई म्हणायच्या, "सगळं तर आठवतंय. वय झालंय, दुसरं काय!" मी खणात खूश होतो.

मग सेक्टर सतराला जाताना ते एका गोल चौकात गाडी घेऊन शिरले आणि बाहेरच पडेनात. एक फेरी, दुसरी फेरी, मागून हॉर्न. कुणीतरी ओरडलं, "ओ अंकल जी, निकलो भी!"

"रस्ता माहीत आहे गं मला," ते चित्राताईंना म्हणत होते, "पण वळायचं कधी ते ठरत नाहीये."

शेवटी चित्राताईंनीच स्टीअरिंगला हात घातला. घरी येऊन आश्लेषाला फोनवर हे सांगताना त्या रडल्या.

डॉक्टर देवयानींनी एमआरआय करून घेतला आणि रिपोर्ट दाखवायला येताना घरचं मशीनही आणायला सांगितलं. मला नवे सेल मिळाले. त्यांनी आधी आपल्या मशीनवर बीपी मोजलं, मग माझ्यावर. आकडा जवळपास तोच! आता सांगा म्हणावं, खोटारडं कोण?

"हे पांढरे डाग," डॉक्टर एमआरआयच्या फिल्मवर बोट ठेवून म्हणाल्या. "मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसरीकडे नेणाऱ्या तारा असतात. त्यांना रक्त देणाऱ्या बारीक वाहिन्या दाबाने खराब झाल्यात. आठवणी बऱ्याचशा जागेवर आहेत, पण निरोप पोचायला उशीर होतो. म्हणून विचार, निर्णय, चालणं सगळं मंदावलंय. हे डाग पुसता येत नाहीत. दाब आवरला तर त्यांची वाढ रोखायचा प्रयत्न करता येईल. घरी मोजत होतात ना?"

"पूर्वी रोज मोजायचे," चित्राताई म्हणाल्या. "रोज पास असायचे." आणि त्या मध्येच थांबल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. विलासरावांनी मान खाली घातली.

याच क्षणाची मी खणात वाट पाहिली होती. माझं उट्टं निघालं, काळीज गार झालं.

तुमच्याही खणात माझा एखादा भाऊ पडला असेल. त्याला बाहेर काढा. आणि तो दाखवेल ते माना, सोयीचं तेवढंच उचलू नका. आमच्याशी खेळलात तर आम्ही भांडत नाही, नुसती वाट पाहतो.

आता रोज सकाळी चित्राताई मला बांधतात. आज घरावरून एक विमान गेलं. विलासरावांनी ते दिसेनासं होईपर्यंत वर पाहिलं, मग ते ताठ बसले आणि सवयीने लांब श्वास घेतला. मी एकशे चौसष्ट दाखवले. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "पास?"

चित्राताईंनी माझं तोंड आपल्याकडे फिरवून घेतलं.

"पक्का पास," त्या म्हणाल्या आणि गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

ते हसले. माझ्यावरून हळूच हात फिरवत म्हणाले, "चांगलं मशीन आहे."

विलासराव, मला एकदा पुन्हा खोटारडं म्हणा हो.